घरचीच खडी : सिडकोतला राडारोडा, मखमलाबादची शेड

नाशिकच्या सिडकोतलं आमचं जुनं रो-हाऊस पाडायचं होतं. त्याच वेळी मखमलाबादला मामांना द्राक्षाच्या पॅकिंग शेडला जमीन करून हवी होती, 40 फूट बाय 30 फूट. पाडलेल्या घराचं काँक्रीट फोडून त्याची खडी शेडला वापरायची, एवढंच डोक्यात होतं. मी डिप्लोमा सिव्हिल, पण आजवर असलं काही केलेलं नव्हतं. कुणी करणार असेल तर त्याचे पैसे आणि दिवस वाचावेत म्हणून या नोंदी ठेवल्या.

13 ऑक्टोबर 2024

दसरा झाला आणि पाडायला सुरुवात केली. शेजारची भिंत कॉमन, त्यामुळे मोठं मशीन लावता येत नाही. हातब्रेकर आणि घण. पाडणाऱ्या ठेकेदाराशी ठरलं ते असं : सळई, खिडक्या, चौकटी आणि अख्ख्या निघालेल्या विटा त्याच्या. राडारोडा उचलायचे डंपरमागे 1,800 रुपये वेगळे. कुठे टाकणार म्हणून विचारलं तर म्हणाला, "ताई, ते तुम्ही नका विचारू." नासर्डी नदीच्या काठाने रोज जाते, त्यामुळे उत्तर माहीतच होतं.

आमचं ठरलं : दोन स्लॅब, जिना, छज्जे आणि बीम यांचं काँक्रीट बाजूला काढायचं. विटांचा राडा नव्या घराच्या जोत्यात भरायचा.

16 ऑक्टोबर

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक. मी ऑफिसला गेले होते. ठेकेदाराने जागा मोकळी व्हावी म्हणून दुपारी जेसीबी बोलावला आणि त्याने दोन तासांत सगळं एका ढिगात लोटलं. काँक्रीट, विटा, गिलावा, बाथरूमच्या चकचकीत टाइल्स, शिवाय हॉलमध्ये दहा वर्षांपूर्वी हौसेने केलेलं पीओपीचं सिलिंग. सकाळी तीन वेगळे ढीग होते, संध्याकाळी एक.

त्याचं काय चुकलं? मीच त्याला कागदावर काही लिहून दिलं नव्हतं. तोंडी सांगितलेलं जेसीबीच्या ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही.

17 ते 20 ऑक्टोबर

निवडणं. तांदूळ निवडावेत तसं. चार दिवसांत बायामाणसांची मिळून 14 हजेरी लागली, 500 रुपयांप्रमाणे 7,000. ढीग वेगळे राहिले असते तर यातली दहा हजेरी वाचली असती.

सगळ्यात त्रास पांढऱ्या गोळ्यांचा. पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे जिप्सम. ते काँक्रीटमध्ये गेलं की सिमेंटशी लागून फुगतं आणि पुढे आतून तडे काढतं. पण पांढरं दिसलं की पीओपीच असं नाही, जुना चुनाही पांढराच. आम्ही केलेली ओळख : खिळ्याने ओरखडा सहज उठतो का बघायचं. उठला तर संडास धुवायच्या ॲसिडचा एक थेंब टाकायचा, तोही उघड्यावर, चष्मा आणि हातमोजे घालून. फसफसलं तर चुना, नुसतं ओलं झालं तर पीओपी. दुसऱ्या दिवसापासून बायांना ॲसिडची गरज राहिली नाही. वजनावरूनच सांगायला लागल्या, "हे हलकंय ताई, तुमचं शिलिंगचं."

टाइल्सही काढल्या. काचेसारख्या गुळगुळीत बाजूला सिमेंट धरत नाही. पीओपी आणि गिलावा घट्ट मिसळलेला दोन डंपर माल निवडण्यापलीकडचा होता, तो सोडून दिला. हाती आलं ते साधारण 15 टन स्वच्छ काँक्रीट आणि दीड ब्रास विटांचे तुकडे (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट).

22 ऑक्टोबर

अंबडजवळ एका पेव्हर ब्लॉकवाल्याकडे छोटा जॉ क्रशर, म्हणजे जबड्यात धरून दगड फोडणारं मशीन आहे, त्याचे फुटके ब्लॉक दळायला. 900 रुपये तास ठरला. तीन खेपा तिकडे नेल्या.

सकाळी अकराला क्रशर अडकला. सहा इंचाचा सळईचा तुकडा जबड्यात आडवा बसला होता. काढायला चार तास गेले. त्यातले दोन तास त्याने बिलात लावले, दोन माफ केले. एकूण नऊ तासांचे 8,100 झाले. पुढचा माल टाकायच्या आधी प्रत्येक ढेकूळ उलटसुलट बघायला एक माणूस उभा केला, आणि पट्ट्यावर जुना लोहचुंबक टांगला. संध्याकाळपर्यंत चुंबकाला बाइंडिंग वायरची दाढी आली होती.

धूळ प्रचंड. नुसता रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतो, आणि फोडायच्या आधी मालावर पाणी मारायचं.

चाळल्यावर निघालं ते असं : 20 मिलीमीटरच्या आतली खडी अडीच ब्रास, आणि बारीक चुरी सव्वा ब्रासच्या थोडी वर. इतकी चुरी निघेल असं वाटलं नव्हतं.

24 ऑक्टोबर

खडी किती पाणी पिते ते घरीच बघितलं. कढईत गॅसवर भाजून कोरडी केली, 1,000 ग्रॅम मोजली, चोवीस तास भिजवली, फडक्याने वरचं पाणी टिपून परत मोजली. 1,056 ग्रॅम. म्हणजे 5.6 टक्के. खाणीतल्या काळ्या पाषाणाची अशीच मोजली तर सव्वा टक्का. नंतर लॅबने आमच्या खडीचे 5.4 दिले, म्हणजे कढई फार खोटं बोलत नाही. आई मात्र बोलली, पण ते कढईवरून.

कारण सोपं आहे. आमच्या खडीच्या प्रत्येक दगडाला जुना सिमेंटचा माल चिकटलेला आहे आणि तो स्पंजासारखा सच्छिद्र असतो.

26 ऑक्टोबर

पहिली ट्रायल मखमलाबादला. उत्साहात सगळीच्या सगळी खडी घरची घेतली, कोरडीच. सिमेंटच्या एका गोणीला 175 किलो खडी आणि 25 लिटर पाणी. मिक्सरमधून माल बाहेर आला तेव्हा छान होता. दहा मिनिटांत घमेल्यात गोळा झाला. हिशेब नंतर केला : 175 किलोला 5.6 टक्के म्हणजे पावणेदहा लिटर पाणी खडीच पिऊन बसली. मिस्त्रींनी काय केलं असेल ते सांगायला नको. एक बादली ओतली, मग अर्धी आणखी. "ताई, मालच कोरडाय, आमी तरी काय करनार?"

मामा बांधावरून बघत होते. "तुझ्या घराचा राडा माझ्या शेडात, अन् वरून पानीबी माझंच."

सहा क्यूब भरले, म्हणजे त्याच मालाचे ठोकळे. सात आणि 28 दिवसांनी ते लॅबमध्ये फोडून ताकद बघतात.

4 नोव्हेंबर

26 तारखेपासून सातवा दिवस मोजला तर 2 नोव्हेंबर, म्हणजे पाडवा. लॅब बंद. 3 ला भाऊबीज, तेव्हाही बंद. आज नवव्या दिवशी क्यूब फोडले तर सरासरी 8.9 न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर. एम-20 म्हणजे 28 दिवसांत 20 ची ताकद धरणारं काँक्रीट, त्याला सात दिवसांत 13 च्या पुढे हवं होतं, इथे दोन दिवस जास्त मिळूनही नऊ नाही. ट्रायल फेल. कॅलेंडर न बघता क्यूब भरले, तीही चूकच.

7 नोव्हेंबर

आता नीट बसून ठरवलं. आयएस 383 या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटच्या खडीला मर्यादा दिलेली आहे : सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्के आणि तेही एम-25 पर्यंतच, आणि एम-15 च्या खालच्या पीसीसीत (सळई नसलेलं, कमी ताकदीचं साधं काँक्रीट) सगळीच्या सगळी चालते. विटा मिसळलेला माल फक्त या शेवटच्या प्रकाराला. हे आधीच वाचलं होतं, पण "बघू या तर" म्हणून शंभर टक्के करून पाहिलं होतं. बघितलं.

तीन ट्रायल घेतल्या, तिन्हीत खडी आदल्या रात्री भिजवून सकाळी निथळत ठेवलेली. आतून भिजलेली, वरून पाणी न गळणारी.

पहिली, 50 टक्के घरची खडी. दुसरी, 25 टक्के. तिसरी, 25 टक्के खडी आणि वाळूच्या जागी 25 टक्के घरची चुरी, कारण चुरीचा ढीग डोळ्यांत खुपत होता.

मिक्सरमध्ये घालायचा क्रमही बदलला. आधी खडी, वाळू आणि अर्धं पाणी, एक मिनिट फिरवायचं, मग सिमेंट, मग उरलेलं पाणी. स्लम्प, म्हणजे ओल्या मालाचा सैलपणा, अर्धा तास टिकला. तिसऱ्या ट्रायलचा मात्र नाही. चुरीत पिठासारखा भाग खूप, माल चिकट झाला, थापीला ओढत होता. ती तिथेच सोडली, क्यूबही भरले नाहीत.

14 नोव्हेंबर

सात दिवसांचे आकडे : 50 टक्क्यांचे 12.4, 25 टक्क्यांचे 15.1. ठरलं, 25.

फर्म्याच्या मापात ते फार सोयीचं बसलं. फर्मा म्हणजे माल मोजायची पेटी, आमची 35 लिटरची. एका गोणीला वाळू दोन फर्मे, खाणीची खडी अडीच फर्मे, घरची खडी एक फर्मा. घरची खडी हलकी आहे, म्हणून वजनाचे 25 टक्के मापात जरा जास्त दिसतात. मिस्त्रींना टक्के सांगितले नाहीत, "एक फर्मा घरचा" एवढंच. त्यानंतर चूक झाली नाही.

25 आणि 26 नोव्हेंबर

मतदान 20 ला, निकाल 23 ला. माणसं गावाला गेलेली, मधला आठवडा असाच गेला.

खालचा थर तीन इंच, 1:4:8 पीसीसी (सिमेंट, वाळू, खडी), सगळी खडी घरची : काँक्रीटची 1.4 ब्रास आणि विटांचे तुकडे दीड ब्रास, हातोड्याने चाळीस मिलीमीटरपर्यंत फोडलेले. 29 गोण्या. विटांचे तुकडे कोरडे असते तर सगळं पाणी त्यांनीच प्यायलं असतं, म्हणून दोन दिवस पाइप सोडून ठेवला होता. चुरी त्याआधी खालच्या सोलिंगवर, म्हणजे दगडांच्या थरावर पसरून दाबली, दगडांच्या फटी छान भरल्या. तिचा हाच उपयोग मला पटला.

या थराबद्दल लिहिण्यासारखं एवढंच. सरळ गेला.

5 डिसेंबर

25 टक्के ट्रायलचे 28 दिवस : 27.3. मिस्त्रींना फोन केला. म्हणाले, "पास का नापास तेवढं सांगा."

9 डिसेंबर

वरचा थर, पाच इंच एम-20. शेड दहा फुटी तीन पट्ट्यांत विभागली, प्रत्येक पट्टा 40 फूट आणि 30 गोण्या. आधी कडेचे दोन, मग मधला. आज पहिला.

खडी भिजवायला मोठे ड्रम कमी पडले म्हणून मामींनी शेडमागचा दोनशे लिटरचा निळा ड्रम दिला. संध्याकाळी पाचला पट्टा पूर्ण झाला. घोटाई मस्त.

10 डिसेंबर

सकाळी आठला गेले. पट्ट्याचा शेवटचा साडेपाच फुटांचा भाग ओला. बोट रुतत होतं. बाकी सगळं कडक, फक्त हे टोक बर्फीसारखं.

आधी थंडीवर ढकललं. मग सिमेंटवर, त्या चार गोण्यांचे बॅच नंबर बघितले, सगळे तेच. मिस्त्री म्हणाले पाणी जास्त झालं असेल, पण पाणी मी स्वतः मोजत होते. दुपारी चहाला मामी बोलता बोलता म्हणाल्या, "त्या निळ्या ड्रमात जीवामृत करते ना मी, धुतला व्हता का तुमी?"

जीवामृत हे गूळ घालून केलेलं खत. ड्रमच्या तळाशी त्या गुळाचा काळा थर होता. बोटाला चिकटत होता.

साखर हा सिमेंटचा शत्रू. गोणीमागे मूठभरही पुरते, सेटिंग तासांनी नाही, दिवसांनी लांबतं. आणि आमची खडी पाणी पिणारी. रात्रभर ती गुळाचं पाणी पिऊन बसली आणि मिक्सरमध्ये जाऊन सोडली. खाणीची खडी असती तर भिजवलीच नसती, म्हणजे हा घोळच झाला नसता. ही गोष्ट कुठल्या कोडात वाचून कळली नसती.

12 डिसेंबर

तिसऱ्या दिवशी ते टोक कडक झालं. असं काँक्रीट पुढे जाऊन ताकद धरतं असंही म्हणतात, पण यावरून भरलेला ट्रॅक्टर जाणार. फोडलं आणि नव्याने भरलं. चार गोण्या, एक दिवस, आणि मामांची एक लांब शांतता. ड्रम आता तीनच, नवे, वर रंगाने "खडी" लिहिलेले.

काल दुसऱ्या कडेचा पट्टा भरला. एरवी सगळं ठीक, पण जॉइंट कापायचा कटर आज यायचा होता, आला नाही.

13 डिसेंबर

कटर संध्याकाळी आला, जवळपास दोन दिवसांनी. तोवर पट्ट्याला मधोमध आडवी केसभर भेग गेली होती, जिथे जॉइंट यायला हवा होता त्याच्या फूटभर अलीकडे. दहा फुटांवर पाव जाडीइतका काप दुसऱ्या दिवशीच द्यायला हवा. या खडीचं काँक्रीट सुकताना जास्त आकसतं, त्यामुळे उशीर पचत नाही. भेग व्ही आकारात उघडून इपॉक्सी भरलं. दिसते. दिसणारच.

16 डिसेंबर

पहिल्या पट्ट्याचे सात दिवसांचे क्यूब, चांगल्या भागातले : 11.8. रात्री झोप लागली नाही. ट्रायलला 15.1 आलेलं मिश्रण, तेच मिस्त्री, तोच फर्मा.

17 ला सकाळी क्यूबच्या टाकीत थर्मामीटर घातला. पाणी 14 अंश. क्यूब 27 अंशांच्या पाण्यात ठेवायचे असतात, आणि माझे द्राक्षाच्या बागेत उघड्या टाकीत, पहाटे दहा अंशांच्या हवेत. सुदैवाने दुसऱ्या पट्ट्याचे तीन क्यूब मी लॅबच्या टाकीत ठेवले होते.

18 डिसेंबर

दुसऱ्या पट्ट्याचे सात दिवस : लॅबच्या टाकीतले 15.6, शेतातल्या टाकीतले 12.1. मिक्सरच्या एकाच फेरीतले. म्हणजे काँक्रीट ठीक आहे, थंडीत सावकाश चाललंय. तरी जमिनीवरचं काँक्रीटही थंडीतच आहे, हे विसरून चालणार नाही. मामांना सांगितलं, ट्रॅक्टर महिनाभर आत नाही. गोणपाट टाकून पाणी मारणं चौदा दिवस.

आज मधला पट्टा भरला. खरं तर काल भरायचा होता, पण मोजून बघितलं : 17 पासून अठ्ठाविसावा दिवस 14 जानेवारी, संक्रांत. म्हणून आज. कटर रात्रीच आणून शेडमध्ये ठेवलाय.

6 जानेवारी 2025

पहिला पट्टा, 28 दिवस, शेतातल्या टाकीतले क्यूब : 24.9. एकही क्यूब 20 च्या खाली नाही.

हिशेब लिहून टाकते. निवडणं 7,000. क्रशर 8,100. वाहतूक 10,200, सिडको ते अंबड तीन खेपा, अंबड ते मखमलाबाद दोन, विटांची एक. लॅब 6,400. एकूण 31,700.

वाचलं ते : चार ब्रास खडी, 3,300 प्रमाणे 13,200. टाकाव्या लागल्या असत्या अशा चार डंपर खेपा, 7,200. चुरीऐवजी मुरूम आणला असता त्याचे 1,500. एकूण 21,900.

तोटा 9,800. गुळाच्या चार गोण्या यात धरलेल्या नाहीत. जेसीबीने ढीग एक केले नसते तर यातले पाच हजार वाचले असते. ट्रायल आणि कढईतला प्रयोग यांचा फायदा पुढच्याला होईल, मला नाही झाला. "स्वस्तात पडतं" असं कुणी सांगितलं तर किती टनांचं काम होतं ते विचारा. पंधरा टनांत पडत नाही. क्रशर साइटवरच असेल आणि दोनशे-तीनशे टन असेल तर गणित वेगळं. सिंहस्थाच्या नावाने शहरात जे रस्ते उकरले जातात त्यांचा मालच बघा.

15 जानेवारी

मधला पट्टा : 25.8. भेग नाही.

दुपारी क्रेट उतरवायला आलेल्या पोरांनी जमिनीवर पाणी ओतून बघितलं, उतार दाराकडे नीट आहे. कोपऱ्यात जिथे घोटाई कमी झाली तिथे वरती एक हिरवा ठिपका दिसतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या बीमचा ऑइल पेंट. चार दिवस निवडूनही निसटला.

चुरी अजून अर्धा ब्रास पडून आहे. मामा म्हणतायत बांधावर टाक, गाडी रुतते तिथं. निळा ड्रम मामींना धुऊन परत दिला.